टाच टेकेना

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी किती बैठका केल्या याची गणती नाही. मासिक बैठक, आढावा बैठक, तातडीची बैठक, आणि तातडीच्या बैठकीत काय बोलायचं ते ठरवायला आदल्या दिवशीची बैठक. सगळ्या खुर्चीवर. त्यामुळे नाशिकच्या एका जिममध्ये चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोराने “सर, एक बैठक मारून दाखवा, पार खालपर्यंत,” असं म्हटलं तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही. बैठक म्हणजे माझा घरचा विषय.

मी खाली निघालो. ऑफिसच्या खुर्चीच्या उंचीला शरीर आपणहून थांबलं. टांग्याचं घोडं ठरलेल्या नाक्यावर थांबतं तसं. त्याखालचा रस्ता त्याला ठाऊकच नव्हता. मी रेटलं, तशा दोन्ही टाचा उचलल्या, छाती गुडघ्यांवर आली आणि आरशात पाहिलं तर मी रद्दीसाठी घडी घातलेल्या पेपरासारखा दिसत होतो.

“सर, तुमचा अँकल लॉक आहे,” पोरगं म्हणालं. “हिपपण टाइट आहे. पण टेन्शन नाही. बारा आठवड्यांत आपण एटीजी जाऊ.”

एटीजी हे एटीएमच्या भाऊबंदांपैकी काहीतरी असावं असं समजून मी मान डोलावली. अर्थ नंतर कळला. पार्श्वभाग गवताला टेकेपर्यंत खाली जाणे, हा त्याचा सभ्य अनुवाद. आता आमच्या त्र्यंबकला पावसाळ्यात गवत कमरेइतकं वाढतं. त्या हिशेबाने मी उभ्या उभ्याच एटीजी होतो. पण हा मुद्दा पोराला पटला नाही.

बारा आठवडे ही मुदत मात्र मला आवडली. त्र्यंबकेश्वराचं आत्ताचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली बांधायला काढलं आणि ते पुरं व्हायला १७८६ साल उजाडलं. काळा पाषाण एकतीस वर्षं घेतो, तर दोन घोट्यांना बारा आठवडे म्हणजे फार नव्हते.

आई त्र्यंबकला असते. आमचं जुनं घर, पुढे ओसरी, मागे परस. नाशिकहून तीसेक किलोमीटर. दर शनिवारी मी जातो, तिला काय हवं-नको ते बघतो असं म्हणतो आणि तिच्या हातचं जेवून झोपतो. त्या शनिवारी गेलो तेव्हा ती मागच्या पडवीत वरई निवडत बसली होती. उकिडवी. हे दृश्य मी पन्नास वर्षं पाहत आलो होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन्ही टाचा फरशीला चिकटलेल्या. गुडघे काखेशी. पाठ ताठ. समोर सूप, आणि सूप सरकू नये म्हणून उजव्या पायाच्या अंगठ्याने त्याची कड अलगद अडवलेली. वय ऐंशीला दोन कमी. मी मोबाइलवर घड्याळ लावलं. चौदा मिनिटं झाली तरी ती तशीच. मध्ये एकदा मांजर हाकललं, तेही बसल्या बसल्या वळून.

“आई, हे तू कसं करतेस?”

“काय?”

“हे बसणं.”

“बसणं कसं करतात म्हणजे? बसते.” मग सुपातून खडा उचलून बाजूला ठेवत म्हणाली, “बरं आहे ना रे तुझं? ऑफिसात काही झालं का?”

मी तिला अँकल मोबिलिटी समजावून सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “म्हणजे तुला उकिडवं बसता येत नाही,” ती म्हणाली. जिमवाल्याने तेवढ्याच निदानाचे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले होते.

पोराने मला एक परीक्षा घरी करून बघायला सांगितली होती. भिंतीसमोर उभं राहायचं, पायाचा अंगठा भिंतीपासून थोडा मागे, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकला की पाऊल आणखी मागे. जिथे टाच उठते त्याच्या आधीचं अंतर मोजायचं. दहा-बारा सेंटिमीटर भरलं तर घोटा ठीकठाक. मी ओसरीच्या भिंतीशी उभा राहिलो, आई शिवणाची टेप घेऊन खाली बसली. अर्थातच उकिडवी. डावा पाय पाच. उजवा तीन.

“तीन म्हणजे दोन बोटंसुद्धा नाहीत,” ती म्हणाली. मग तिने लुगड्याचा ओचा सावरला, माझ्या शेजारी उभी राहिली आणि सहज गुडघा भिंतीला लावला. टेप धरायला मी वाकलो, पण तिथवर माझा हात पोचेना. तिचा आकडा त्यामुळे आजवर नोंदला गेलेला नाही.

त्या रात्री झोप लागली नाही तेव्हा मी हिशेब मांडला. लहानपणी मला उकिडवं बसता येत होतं. गोट्या आणि पतंगाचा मांजा या दोन्ही गोष्टी उभ्याने होत नाहीत. मग ते गेलं कुठे? उत्तर अप्रिय होतं. घालवलं मीच, आणि हप्त्याहप्त्याने पैसे भरून घालवलं. पहिल्या पगारवाढीला स्वयंपाकघरात ओटा बांधला. चूल-शेगडीपुढचं बसणं गेलं. मग डायनिंग टेबल आणलं. पाट माळ्यावर गेले. मिक्सर आला, सुरी आली. विळी फडक्यात गुंडाळून ठेवली. आणि २०१५ च्या सिंहस्थाआधी, पाहुणे येतील, त्यांच्यापुढे लाज नको, म्हणून त्र्यंबकच्या घरात कमोड बसवला. पाहुणे शाहीस्नान करून गेले. कमोड राहिला. आईने तो एक दिवस वापरला आणि “त्याच्यावर बसलं की कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखं वाटतं,” असं म्हणून परत परसातल्या जुन्या संडासात जायला लागली. मी मात्र त्या सिंहासनावरून गेल्या दहा वर्षांत उतरलो नव्हतो.

याबद्दल वाचायला लागलो तर आणखी लाज वाटण्याची सोय झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात हॅवलॉक चार्ल्स नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक होते. पंजाबी माणसांच्या पायांची हाडं तपासताना त्यांना नडगीच्या खालच्या टोकाला पुढच्या बाजूने आणि त्याखालच्या घोट्याच्या हाडावर छोटे गुळगुळीत चट्टे दिसले. आयुष्यभर उकिडवं बसून हाडाला हाड टेकत गेलं की तिथे असा एक जास्तीचा सांधा उमटतो. १८९३ च्या सुमारास त्यांनी ते लिहून ठेवलं. म्हणजे माणूस कसा बसत होता हे मेल्यावर हाडं सांगतात. माझी हाडं पुढेमागे कुणाला सापडली तर त्यावर फार तर चाकाच्या खुर्चीची कंपनी ओळखू येईल.

मग साधना सुरू झाली. पोराने सांगितल्याप्रमाणे पोटरीत दोन स्नायू असतात, एकावर एक. वरचा गुडघ्याच्याही वरून निघतो, त्यामुळे गुडघा वाकवला की तो सैल पडतो. खालचा मात्र गुडघ्याला विचारत नाही. बैठकीत टाच उचलतो तो हा खालचा. त्याला ताणायचं तर गुडघा वाकवूनच ताणायला हवं, आणि त्याआधी पोटरीखाली रूळ फिरवून तिला मऊ करायचं. रूळ म्हणजे फोमचा, बाराशे रुपयांचा. मी विचार केला, घरात लाकडाचा आहे.

आईने दारातून पाहिलं तेव्हा मी ओसरीवर पाय लांब करून बसलो होतो आणि पोटरीखाली लाटणं फिरवत होतो.

“पोळ्या झाल्या का?” तिने विचारलं.

त्यानंतर तिने बाजारातून नवं लाटणं आणलं. जुन्याच्या मुठीला लाल दोरा बांधला. “हे तुझ्या पायाचं,” ती म्हणाली. पुढचे दोन महिने घरात पाहुणं कुणी आलं की पोळपाटाशी बसण्याआधी आई खात्री करून घ्यायची, “दोरा नाही ना त्याला?” आणि मग कारण सांगावं लागायचं. सगळं. पहिल्यापासून.

खुब्यासाठी वेगळा प्रकार होता. जमिनीवर बसून एक पाय पुढे काटकोनात, दुसरा मागे काटकोनात, आणि मग धड एकदा इकडे, एकदा तिकडे. चित्रातली बाई हे करताना हसत होती. मी ओसरीवर त्या अवस्थेत असताना शेजारच्या आत्याबाई दूध घेऊन आल्या. पिशवी तिथेच टाकून ओरडल्या, “अगं बाई, दादा पडले! कोणी आहे का घरात?” मी हसून दाखवलं, चित्रातल्या बाईसारखं. त्यामुळे त्या जास्तच घाबरल्या.

पाचव्या आठवड्यात भिंतीची परीक्षा पुन्हा घेतली. डावा सात, उजवा साडेतीन. अर्धा सेंटिमीटर! मी पोराशी भांडायचं ठरवलं. भांडायला मुद्दा हवा, तो मी शोधला. आपल्या आखाड्यात पैलवान बैठका मारतात त्या चवड्यांवर. खाली जाताना टाचा उचलतात, हात मागून पुढे झोकतात आणि त्याच लयीत वर येतात. शेकड्यांनी. मग टाच टेकलीच पाहिजे हा नियम कुणी काढला? मी पोराला ऐकवलं की दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्याहून व्यायामज्ञानकोश काढला, चांगला दहा खंडांचा, आणि तुम्ही आम्हाला यूट्यूबवरून शिकवताय. त्या दहांपैकी एकही खंड मी उघडलेला नाही हे त्याला कळायचं कारण नव्हतं. पण पोरगं शांत होतं. “बरोबर आहे सर. तुम्ही त्या मारा. पन्नास.”

मी सव्वीस मारल्या. दुसऱ्या दिवशी जिना उतरलो तो पाठमोरा, कठडा धरून, लिफ्ट बंद असलेल्या इमारतीतून कपाट उतरवतात तसा. बायकोने खालून सूचना दिल्या. “डावीकडे. थोडं डावीकडे. आता टेकवा.”

खरी अक्कल एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “खाली जाताना मागे ओढतं की समोर टोचतं?” मी नीट लक्ष देऊन पाहिलं. डाव्याला मागे, पोटरीत ओढत होतं. उजव्याला समोर, घोट्याच्या खोबणीत टोचत होतं. मागे ओढत असेल तर स्नायू आखडलाय, ताणून सुटतो, वेळ लागतो एवढंच. समोर टोचत असेल तर सांध्यातच अडतंय, पोटरी कितीही लाटली तरी फरक पडत नाही. “जुनी दुखापत?” त्यांनी विचारलं. कॉलेजात असताना चालत्या एसटीतून रुबाबात उतरायला गेलो होतो. समोर मुलींचा घोळका उभा होता. पाऊल मुरगळलं ते मी कुणाला कळू दिलं नव्हतं. तसाच हसत चालत गेलो होतो. पस्तीस वर्षांनी घोट्याने ते बाईंना सांगितलं.

आणखीही त्या म्हणाल्या, “तुमच्या मांडीची हाडं लांब आहेत.” मी सुखावलो. बायकोकडे पाहिलं. “लांब मांडीच्या माणसाला खाली बसताना जास्त पुढे झुकावं लागतं, घोट्यावर जास्त ताण येतो,” त्यांनी वाक्य पुरं केलं. “आणि खुब्याची वाटी प्रत्येकाची वेगळी. कुणाची खोल, कुणाची उथळ, कुणाची तिरपी. पावलं जरा लांब ठेवा, चवडे बाहेर वळवा, आपली जागा आपण शोधा. टाचांखाली काहीतरी ठेवा. वजन उचलणाऱ्या खेळाडूंच्या बुटांनासुद्धा टाच मुद्दाम उंच असते.”

मी टाचांखाली लाल दोऱ्याचं लाटणं ठेवून पाहिलं. ते घरंगळलं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

पण टाच उंच हवी हे डोक्यात बसलं होतं, आणि एका रविवारी गंगाद्वाराच्या वाटेवर मला ज्ञान झालं. ब्रह्मगिरीला गंगाद्वारापर्यंत सातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. मध्ये मध्ये उताराचे दगडी टप्पे. एका टप्प्यावर मी दम खायला थांबलो आणि सहज, दरीकडे तोंड करून खाली बसलो. आणि बसलोच! पार तळापर्यंत! उतारावर दरीकडे तोंड केलं की टाच आपोआप वर आणि चवडा खाली, म्हणजे डोंगरानेच माझ्या टाचांखाली पाचर मारली होती. मांड्या पोटऱ्यांना टेकल्या. खाली देवळाचं शिखर, कुशावर्ताचा चौकोन, पलीकडे ढगात गेलेली अंजनेरी. मारुतीची जन्मभूमी. मला गहिवरून आलं. बलोपासना सफळ झाली असं वाटलं. मी खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढली.

तेवढ्यात समोर एक माकड येऊन बसलं. उकिडवं. टाचा टेकवून, सपाट दगडावर, कुठलीही पाचर न घेता. कुणाच्या तरी पिशवीतून काढलेलं केळं ते सोलत होतं. केळं संपल्यावर त्याने माझ्या पुडीकडे पाहिलं.

आता उठायला हवं हे मला कळत होतं. पण खाली बसण्याचा आणि उठण्याचा रस्ता एकच असतो हा माझा समज तिथे खोटा ठरला. मांड्या जाग्या होईनात. हात टेकायला पुढे फक्त दरी. मी माकडाकडे पाहिलं, त्याने दात दाखवले. मी पुडी पुढे केली, अगदी सन्मानाने. त्याने पुडी घेतली आणि, हे मात्र कारण नसताना, दुसऱ्या हाताने माझ्या डोळ्यांवरचा चष्माही घेतला. मी दचकून मागे गेलो आणि बसलो तो थेट दगडाच्या कडेवर. पाठीच्या कण्याच्या शेवटच्या हाडाला मराठीत माकडहाड का म्हणतात हे मला त्या क्षणी, त्या सोबतीत, कळलं.

वरच्या टप्प्यावर लिंबू सरबत विकणाऱ्या मावशी सगळं बघत होत्या. “काय करू राह्यले दादा? बसायचंय तर बसा ना नीट इथं. खुर्ची आहे.” त्यांनी माकडाला एक चिक्की दाखवली, माकडाने चष्मा सोडला. चिक्कीचे दहा रुपये त्यांनी माझ्याकडून घेतले.

त्या संध्याकाळी देवदर्शनाला गेलो. त्र्यंबकची पिंडी इतर ठिकाणांसारखी वर आलेली नाही. खळग्यात तीन छोटी लिंगं आहेत, आणि लांबून दिसावं म्हणून वर आरसा लावलेला आहे. इतके दिवस मला ते गर्दीच्या सोयीसाठी वाटायचं. आता वाटलं, ज्यांना खाली वाकता येत नाही त्यांची देवाने केलेली व्यवस्था आहे.

मग श्रावण आला. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी. वीसेक किलोमीटरची प्रदक्षिणा, रात्रीपासूनच माणसं कुशावर्तात अंघोळ करून निघतात, अनवाणी, चिखलातून, प्रयागतीर्थावरून, पहिन्यावरून. आमच्या घरी त्या रविवारी सिन्नर, येवला आणि कुठून कुठून चौदा माणसं मुक्कामाला. मीही फेरी करणार असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बारावा आठवडा संपत आला होता.

पहाटे साडेतीनला मला जाग आली. कारण सांगायला नको. कमोडच्या दारापाशी गेलो तर आतून कडी, आणि बाहेर टॉवेल खांद्यावर टाकलेले तिघे. तिसऱ्याच्या मागे उभं राहण्याइतका धीर पोटात नव्हता. मी परसाकडे वळलो. बाहेर श्रावणसर, हातात मोबाइलची बॅटरी. परसातला तो जुना, पावलांच्या खुणांचा संडास. दहा वर्षांनी मी त्याच्यासमोर उभा होतो. परीक्षा अशी न सांगता येते.

खाली बसणं जमलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. डावी टाच टेकली. उजवी एक बोटभर वर राहिली, पण तेवढी चालते. बारा आठवड्यांत पहिल्यांदाच, सपाट जागी, टाचांखाली काही न घेता. मला इतका आनंद झाला की किती वेळ बसलोय याकडे लक्षच राहिलं नाही. आधी पावलांना मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या, आणि पायही गेले. गुडघ्याखाली कुणीतरी दुसरंच होतं.

लेंगा मी कसाबसा वर घेतला. उठण्यासाठी आधार म्हणून समोर एकच वस्तू होती, दाराची कडी. आजोबांच्या वेळची, सागाच्या दारावरची, लोखंडी. तिला बैल बांधला तरी निघाली नसती. पण मागे ती ढिली झाली तेव्हा स्क्रू मी बसवले होते. दोन्ही हातांनी कडी धरली, देवाचं नाव घेतलं आणि ओढलं. मी अर्धा वर आलो. त्याच वेळी कडी स्क्रूंसकट बाहेर आली. कडी निघाल्यावर दाराला अडवायला काही उरलं नाही, आणि ते बाहेर उघडणारं. वाऱ्याबरोबर सताड उघडलं. मी मागच्या भिंतीला आपटून, पाय पुढे पसरून, हातात लोखंडी कडी घेऊन बसलो. लेंगा वेळेवर वर आला होता, एवढंच सांगतो.

समोर पडवीत गॅसच्या शेगडीवर चहा उकळत होता. भोवती सात बायका, दोन आतेभाऊ आणि एक लहान पोर. सगळे माझ्याकडे बघत होते.

“लकवा!” आत्याबाई म्हणाल्या. दुधाच्या दिवशीपासून त्या याचीच वाट बघत असाव्यात. कुणी कांदा आणायला धावलं. एक आतेभाऊ १०८ ला फोन लावायला लागला. बायको म्हणाली, “अहो, हात हलवून दाखवा.” मी हलवला, त्यात कडी होती, त्यामुळे लहान पोर रडायला लागलं.

आई मात्र चहा गाळत होती. तिने मान वर करून एकदा बघितलं. “काही नाही. मुंग्या आल्यात पायाला,” ती म्हणाली. “बसायची सवय नाही त्याला.”

चौदा माणसं फेरीला गेली. बायकोही गेली, माझ्या वाटची तीच करते म्हणाली. माझं माकडहाड पुन्हा जागं झालं होतं, आणि मुंग्या उतरता उतरता अशी काही कळ आली की अनवाणी वीस किलोमीटरची कल्पना मनातूनच काढून टाकावी लागली. घर रिकामं झालं. पाऊस लागून राहिला होता. आई पडवीत फेरीहून येणाऱ्यांच्या उपासाची तयारी करत बसली. सूप, वरई, अंगठ्याने अडवलेली कड.

मी शेजारी गेलो. माळ्यावरचा एक पाट शोधून आणला, भिंतीशी टाचांखाली आडवा घातला, भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली उतरलो. बसलो. तिने अर्धी वरई माझ्यापुढे सरकवली. बराच वेळ दोघांनी खडे काढले. मी तिला चीनमधला अभ्यास सांगितला. बीजिंगच्या म्हाताऱ्या माणसांचे गुडघे तपासले होते, तरुणपणी रोज तीन-तीन तास उकिडवं बसणाऱ्यांच्या गुडघ्यांची झीज जास्त आढळली होती, २००४ साली छापून आलंय. एवढा विद्वान मुलगा घरी बसल्याचा तिला काही तरी फायदा व्हावा म्हणून.

“दुखतातच ना गुडघे,” ती म्हणाली. “तुला काय वाटलं, दुखत नाहीत?”

“मग बसतेस कशाला?”

“उभं राहूनही दुखतात. बसलं तर वरई तरी निवडून होते.”

वरई संपली. तिने सूप झटकलं, बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे हात केला.

“उठव रे जरा. हल्ली एकटीने उठवत नाही मला.”

मी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे पाहिलं. डावा अजून होता. उजवा कधीच गेला होता. मागच्या भिंतीला धरायला काही नव्हतं, आणि कडी मी सकाळीच सांभाळून कपाटात ठेवली होती.

“आई,” मी विचारलं, “फेरीची माणसं साधारण किती वाजता येतात?”

“निघाली कधी? साडेचारला ना?” तिने बोटांवर मोजलं. “बारा तरी वाजतील.”

भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झाले होते. तिने साबुदाण्याचा डबा पुढे ओढला, झाकण काढलं आणि अर्धा साबुदाणा माझ्यापुढे ओतला.